ब्रिटनच्या निवडणुकीत सगळ्यांचा पोपट इतक्या वेळा का होतो?

निशाचर_८

परवा रात्री झोप येत नव्हती म्हणून चर्चिलवरची एक डॉक्युमेंटरी लावली, आणि शेवटच्या दहा मिनिटांत जे दाखवलं त्यानं उरलीसुरली झोपही उडाली. म्हणजे बघा, ८ मे १९४५, युरोपातलं युद्ध संपलं, लंडनच्या रस्त्यांवर तुफान गर्दी, चर्चिल बाल्कनीत उभा राहून हात हलवतोय, आणि जुलैत निवडणूक होते तर हाच माणूस सपाटून हरतो?? बरं काठावर नाही, मजूर पक्षाला ३९३ जागा आणि चर्चिलच्या हुजूर पक्षाला दोनशेच्या आसपास. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली, मागे घेऊन परत बघितलं.

मग पहाटेपर्यंत शोधत बसलो तर कळलं हा एकटा किस्सा नाहीच. १९७०, १९७४, १९९२, २०१५, २०१७... वर्तमानपत्रं एक सांगतात, पोलवाले एक सांगतात आणि पेटीतून तिसरंच निघतं. तर जाणकारांना दोन प्रश्न. लढाई जिंकून देणाऱ्याला दोन महिन्यांत घरी कसा काय बसवला? आणि हे पोलवाले तिकडे इतक्या वेळा तोंडावर आपटतात कसे, की आपटले तेवढंच आपल्या लक्षात राहतं?

माझा इतिहास दहावीपुरता आहे, सोपं करून सांगा. "गुगल कर" म्हणू नका, तेच करून आलोय.

---

खडूफळा

अहो निशाचर, पहिला प्रश्न मी घेतो, आयुष्यभर हेच शिकवलं.

तुम्ही एक गोष्ट सोडून दिलीत, की त्याच्या आधीची निवडणूक झाली होती १९३५ मध्ये. युद्धामुळे मधली झालीच नाही. मतदानाचं वय तेव्हा २१, म्हणजे तिशीच्या आतल्या कुठल्याही माणसानं १९४५ पर्यंत लोकसभेसाठी, म्हणजे त्यांच्या कॉमन्ससाठी, एकदाही मत दिलेलं नव्हतं. ही सगळी पोरं मंदीत वाढलेली, बापाला कामाविना घरी बसलेलं बघितलेली, आणि मग पाच-सहा वर्षं सैन्यात किंवा कारखान्यात घासलेली. त्यांना चर्चिलबद्दल आदर होताच की, पण मतपत्रिका हातात आली तेव्हा डोक्यात प्रश्न होता घराचा आणि नोकरीचा. १९४२ च्या डिसेंबरात बेव्हरिज रिपोर्ट आला होता, पाळण्यापासून सरणापर्यंत सरकारनं विमा द्यावा असं सांगणारा. सरकारी अहवाल, रुक्ष एकदम, पण लोकांनी रांगा लावून विकत घेतला, लाखांनी प्रती खपल्या. आता मला सांगा, सरकारी अहवाल विकत घ्यायला लोक रांग लावतात तेव्हा राजकारण्यानं समजून जायला नको का?

मजूर पक्षाला समजलं. चर्चिलला नाही. उलट ४ जूनला रेडिओवर येऊन बोलला काय, तर समाजवाद आणायचा तर यांना गेस्टापोसारखं काहीतरी लागेलच. कोणाबद्दल, तर मजूर पक्षाच्या नेत्याबद्दल, ॲटलीबद्दल, जो पाच वर्षं याच्याच मंत्रिमंडळात मांडीला मांडी लावून बसला होता आणि उपपंतप्रधान होता! बेविन, मॉरिसन हेही तिथलेच. युद्धकाळात देशातला घरचा कारभार बराचसा याच मंडळींनी ओढला, त्यामुळे "यांना राज्य करता येईल का" हा प्रश्नच उरला नव्हता. घरोघरी लोक रेडिओ ऐकून चपापले असणार.

आणखी एक मजा. मतदान ५ जुलैला आणि निकाल २६ जुलैला. जर्मनीपासून ब्रह्मदेशापर्यंत पसरलेल्या सैनिकांची मतं यायची होती ना, म्हणून पेट्या तीन आठवडे सीलबंद. मधल्या काळात पोट्सडॅमला स्टालिन आणि ट्रुमनबरोबर परिषद सुरू झाली, चर्चिल ॲटलीला बरोबर घेऊन गेला, २५ ला दोघं निकालासाठी घरी आले, आणि परत जाताना पंतप्रधानाच्या खुर्चीत बसायला गेला तो ॲटली. चर्चिल नाहीच गेला.

त्याच्या स्वतःच्या वुडफर्ड मतदारसंघात मजूर आणि लिबरल दोघांनी मान ठेवून उमेदवारच दिला नव्हता. तरी एक अपक्ष शेतकरी उभा राहिला, ज्याचं नाव कोणी ऐकलेलं नव्हतं, आणि त्यानं दहा हजारांवर मतं घेतली. माझ्या मते १९४५ चा खरा निकाल या एका आकड्यात आहे.

आणि पोलबद्दल म्हणाल तर गॅलपचे पोल तेव्हाही होते, 'न्यूज क्रॉनिकल'मध्ये छापून यायचे, आणि मजूर पक्ष पुढे असल्याचं स्वच्छ दाखवत होते. कोणी विश्वासच ठेवला नाही. त्यामुळे तुमच्या यादीतून १९४५ काढा, तिथे पोलवाला नाही आपटला, पोल न वाचणारे आपटले.

---

कट्टेकरी

सर दंडवत __/\__

१९७० साठी माझं एकच उत्तर, गोलकीपरचं पोट. रविवार १४ जून, मेक्सिकोत वर्ल्ड कपची क्वार्टर फायनल, गॉर्डन बँक्सचं पोट बिघडलं म्हणून तो बाहेर, इंग्लंड २-० पुढे आणि तिथून पश्चिम जर्मनीनं ३-२ नं मारली. चार दिवसांनी मतदान. मजूर पक्षाचा पंतप्रधान हॅरल्ड विल्सन मस्त पाइप ओढत निवांत फिरत होता, एका पोलनं तर त्याला आठवडाभर आधी दोन आकडी आघाडी दिली होती, आणि निघाला हुजूर पक्षाचा हीथ. अख्खा देश सोमवारी सकाळी तोंड पाडून कामावर गेला असणार, मत कोणाला देणार?

---

आकडेमोड

कट्टेकरी, फुटबॉलची गोष्ट ऐकायला छान आहे पण पुरावा शून्य. त्याच सोमवारी व्यापाराचे आकडे आले होते, मे महिन्यात ३ कोटी १० लाख पौंडांची तूट, ज्यातला मोठा भाग विकत घेतलेल्या जंबो जेटचा होता. विल्सनचा सगळा प्रचार "आम्ही अर्थव्यवस्था रुळावर आणली" यावर, आणि ऐन आठवड्यात हे. हीथनं तेच धरून झोडपलं. शेवटच्या पोलमध्ये फक्त एकच कंपनी हुजूर पक्षाला पुढे दाखवत होती, कारण ते अगदी शेवटपर्यंत लोकांना विचारत राहिले, बाकीच्यांनी दप्तर लवकर बंद केलं.

आता निशाचर यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. माझं म्हणणं जरा वेगळं आहे, की या धक्क्यांमधले निम्मे धक्के मतदार देतच नाही, तो गणितातून येतो. तिकडे प्रत्येक मतदारसंघात ज्याला सगळ्यात जास्त मतं तो जिंकला, विषय संपला, दुसऱ्या नंबरला भोपळा. त्यामुळे देशभरात तुम्हाला किती मतं पडली यापेक्षा ती कुठे पडली याला महत्त्व. उदाहरणं देतो, शांतपणे वाचा, कारण मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मलाही छपाईची चूक वाटली होती.

१९५१. मजूर पक्षाला जवळपास १ कोटी ३९ लाख ५० हजार मतं, ४८.८ टक्के, तोवरची कोणत्याही पक्षाला मिळालेली सगळ्यात जास्त. हुजूर आणि मित्रपक्षांना त्यापेक्षा दोन लाखांच्यावर कमी. जागा? हुजूर ३२१, मजूर २९५. खाणीच्या आणि गिरणीच्या भागात मजूर पक्षाच्या मतांचे नुसते ढीग, तिथे तीस हजारांनी जिंकलं काय आणि तीननं जिंकलं काय, जागा एकच. आणि त्या निकालानं पंतप्रधान कोण झाला, तर खडूफळा सरांचा चर्चिल, वय ७६.

मग फेब्रुवारी १९७४ ला बरोबर उलटं. खाणकामगारांचा संप, विजेची बोंब, कारखाने आठवड्यात तीन दिवस, आणि हीथनं विचारलं देश कोण चालवतो ते सांगा. लोकांनी जे उत्तर दिलं ते त्याला काय कोणालाच कळलं नाही. हुजूर पक्षाला मतं जास्त, जागा २९७. मजूर पक्षाला मतं कमी, जागा ३०१. लिबरलांना साठ लाख मतं आणि हातात १४ जागा. त्यात उत्तर आयर्लंडचे युनियनिस्ट, जे वर्षानुवर्षं हुजूर पक्षाबरोबर बसायचे, ते हीथनं केलेल्या सनिंगडेल कराराच्या (उत्तर आयर्लंडातली सत्ता दोन्ही गटांत वाटून घ्यायची, असा करार) रागात फुटून निघाले होते आणि तिथल्या बारापैकी ११ जागा त्यांनी नेल्या. ते सोबत असते तर हीथ सगळ्यात मोठा गट घेऊन बसला असता. शुक्रवारपासून सोमवारपर्यंत गडी खुर्ची धरून बसला, लिबरलांच्या थॉर्पला बोलावून बघितलं, नाही जमलं, ४ मार्चला गाशा गुंडाळला.

आणि सगळ्यात कहर आत्ताचा. २०१७ ला मजूर पक्ष ४० टक्के मतं, २६२ जागा, पराभव. २०२४ ला ३३.७ टक्के मतं, ४११ जागा, दणदणीत बहुमत. २०१९ ला ज्या निकालाला "मजूर पक्षाचं पानिपत" म्हटलं त्यात त्यांना १ कोटी २ लाख मतं होती, आणि २०२४ च्या "लाटेत" ९७ लाख. लाट कसली डोंबलाची, समोरच्याची मतं हुजूर आणि रिफॉर्म नावाच्या उजव्या पक्षात फाटली, त्यामुळे जो उभा होता तो निवडून आला.

---

टपालपेटी

आकडेमोड यांच्याशी बहुतेक सहमत, पण १९९२ या गणितात बसत नाही हो. तिथे मतांचाच अंदाज चुकला. शेवटच्या पोलची सरासरी काढली तर किनॉकचा मजूर पक्ष एखाद्या टक्क्यानं पुढे, मतदानाच्या दिवशीचे एक्झिट पोलही त्रिशंकू सांगत होते, आणि प्रत्यक्षात हुजूर पक्षाचा जॉन मेजर साडेसात टक्क्यांनी पुढे गेला, १ कोटी ४० लाखांवर मतं घेऊन. १९५१ चा तो मजूर पक्षाचा विक्रम मोडला तो या माणसानं, ज्याला सगळे बिनरंगाचा म्हणून हसायचे, जो ल्यूटनच्या चौकात एका खोक्यावर उभा राहून भोंग्यातून भाषण करत होता. गंमत म्हणजे एवढी मतं घेऊन बहुमत फक्त २१ चं.

कारणं काय काय सांगतात. मजूर पक्षानं शेफील्डला आठवडाभर आधीच विजयी सभेसारखी सभा घेतली, 'सन'नं मतदानाच्या दिवशी पहिल्या पानावर किनॉकचं डोकं बल्बमध्ये घालून छापलं, मजूर पक्षाच्याच जॉन स्मिथनं आधीच कर वाढवायचं बजेट मांडून दाखवलं. मला शेवटचं जास्त पटतं. लोक सर्व्हेवाल्याला सांगतात की हो हो हॉस्पिटलं शाळा यांच्यावर खर्च करायलाच हवा, आणि पडद्याआड गेल्यावर आपला पगार आठवतो. तिकडे याला 'लाजरा हुजूरवाला' असं नावच पडलं. विचारलं तर सांगणार नाही, मत मात्र नेमकं देणार.

त्या रात्री बॅझिल्डनचा निकाल लवकर लागला, लंडनच्या पूर्वेला एसेक्समधलं गाव, नवीन घर घेतलेल्या कामगारांचं. मजूर पक्ष जिंकणार तर ही जागा यायलाच हवी होती. हुजूर पक्षानं दीड हजारांच्या आतल्या फरकानं राखली आणि तिथेच कळून चुकलं. दुसरीकडे ज्या ख्रिस पॅटननं अख्खा हुजूर प्रचार चालवला तो स्वतः बाथ या आपल्या मतदारसंघात पडला. लग्न लावून दिलं आणि भटजीच उपाशी.

---

आकडेमोड

टपालपेटी, लाजरा वगैरे ठीक आहे, थोडा असेल. पण चौकशी झाली तेव्हा निघालं की रस्त्यावर उभं राहून "मला अमुक वयाचे इतके, तमुक कामाचे इतके" असा कोटा भरायचा आणि तो कोटाच जुन्या आकड्यांवर बेतलेला. २०१५ ला परत तेच. सगळे पोल बरोबरीत, निकालात हुजूर पक्षाचा कॅमेरन साडेसहा टक्क्यांनी पुढे. सगळे म्हणाले बघा लाजरे परत आले. प्राध्यापक स्टर्जिस यांच्या समितीनं तपासलं तर लोक खोटं बोललेच नव्हते, चुकीच्या लोकांना विचारलं होतं. फोन उचलणारी, ऑनलाइन फॉर्म भरणारी मंडळी म्हणजे राजकारणात रस असलेली, त्यात मजूर पक्षवाले जास्त, आणि सत्तरीच्या पुढचे आजोबा-आजी, जे मत हमखास देतात आणि हुजूर पक्षाला देतात, ते यादीत कमी.

उलट त्याच रात्री दहाचा एक्झिट पोल आला, हुजूर ३१६, लिबरल डेमोक्रॅट १०. लिबरलांचे लॉर्ड ॲशडाउन टीव्हीवर म्हणाले हे खरं निघालं तर मी माझी टोपी खाईन. निघाल्या ८. आधी होत्या ५७. हा एक्झिट पोल चालतो कारण ते दीडशेच्या आसपास मतदान केंद्रांबाहेर उभे राहून खोटी मतपत्रिका भरून घेतात, आणि शक्यतो मागच्या वेळचीच केंद्रं, म्हणजे बदल किती झाला ते मोजता येतं. कोणाला देणार विचारत नाहीत, आत्ता दिलेलं परत एकदा टाका म्हणतात.

---

केतकी_क

आई गं, २०१७ चं कोणीच नीट सांगत नाहीये, मी होते तिथे!!

कँटरबरीत मास्टर्स करत होते. आधी हे सांगते की कॉमनवेल्थ देशाचे नागरिक तिकडे राहत असतील तर त्यांना मत देता येतं, अगदी स्टुडंट व्हिसावर असलं तरी. मला हे माहीतच नव्हतं, हाउसमेटनं जबरदस्ती नाव नोंदवायला लावलं. ८ जूनला गेले तर चर्चच्या मागचा एक हॉल, आत दोन आज्या टेबलाशी, एकीनं पट्टी धरून यादीतल्या माझ्या नावावर सरळ रेघ मारली, दुसरीनं कागद फाडून दिला, आणि प्लायवूडच्या आडोशाला दोरीनं बांधलेली पेन्सिल. पेन्सिल! मी दोनदा विचारलं की पेन नाही का, ती म्हणाली हवं तर स्वतःचं वापर डिअर. तेव्हा ओळखपत्रसुद्धा विचारलं नाही, ते २०२३ ला सुरू झालं. मी फुली मारली, घडी घातली, काळ्या पेटीत टाकली, पाच मिनिटांत बाहेर.

आता मागचं. एप्रिलमध्ये हुजूर पक्षाच्या पंतप्रधान थेरेसा मे बाईंनी स्वतःहून निवडणूक लावली, गरज काहीच नव्हती, पोलमध्ये वीसेक टक्के पुढे होत्या म्हणून. मग जाहीरनाम्यात आलं की म्हातारपणी घरी सेवा घेतली तर त्याचा खर्च तुमच्या घराच्या किमतीतून वसूल होणार. चार दिवसांत लोकांनी त्याला 'डिमेन्शिया टॅक्स' करून टाकलं, बाईंनी निर्णय फिरवला आणि वर "काहीही बदललेलं नाही" म्हणून सांगितलं. आमच्या शेजारचे आजोबा, जन्मभर हुजूर, कुंपणापाशी उभे राहून मला एवढंच म्हणाले की बाई, घर माझ्या मुलीसाठी आहे. मतदान कोणाला केलं ते काही त्यांनी सांगितलं नाही.

रात्री दहाला आम्ही सहा जण किचनमध्ये, लॅपटॉप टोस्टरला टेकवलेला, बाहेर अजून पुरता अंधारही पडला नव्हता. एक्झिट पोल, हुजूर ३१४. बहुमताला ३२६ लागतात. एक मुलगा म्हणाला चुकीचा असणार, आणि मग कोणी झोपलंच नाही. पहाटे कँटरबरीचा निकाल, मजूर पक्ष १८७ मतांनी!! ही जागा मजूर पक्षानं आयुष्यात कधी जिंकली नव्हती, त्यांच्याच लोकांना अपेक्षा नव्हती. १८७ म्हणजे आमच्या लेक्चर हॉलमधली अर्धी बाकं. आता ते आमच्यासारख्या विद्यार्थ्यांमुळे झालं की शेजारच्या आजोबांमुळे ते मला अजून माहीत नाही.

---

आकडेमोड

केतकीताई, झकास. एक भर, की मे बाईंची मतं त्या निवडणुकीत वाढली होती. २०१५ ला कॅमेरननं ३७ टक्क्यांत बहुमत आणलं आणि बाईंनी ४२ टक्के घेऊन घालवलं, १९८३ नंतरचा त्यांच्या पक्षाचा सगळ्यात चांगला टक्का. मग उत्तर आयर्लंडच्या डीयूपी पक्षाच्या १० खासदारांचा टेकू, आणि त्या बदल्यात उत्तर आयर्लंडला १०० कोटी पौंड.

---

खडूफळा

जुनी म्हण आहे, भरवशाच्या म्हशीला टोणगा. मला त्या मतदारसंघांची जास्त गंमत वाटते जिथे पक्ष मतं आपलीच म्हणून गृहीत धरतो. २०२४ ला लिझ ट्रस यांना मागच्या वेळचं २६ हजारांचं मताधिक्य होतं, त्या ६३० मतांनी पडल्या. माजी पंतप्रधान पडण्याची गोष्ट १९३५ च्या रॅम्से मॅकडोनाल्डनंतर थेट आता. आणि त्याच रात्री हुजूर पक्ष देशभर झोपलेला असताना लेस्टर ईस्ट त्यांनी मजूर पक्षाकडून काढून घेतली, अख्ख्या देशात दुसऱ्याकडून हिसकावलेली ती एकच जागा. तिथे मजूर पक्षाचे दोन जुने खासदार पक्षाविरुद्ध उभे होते. मतविभागणी, दुसरं काय.

---

निशाचर_८

सगळ्यांचे आभार, हे इतकं होईल असं वाटलं नव्हतं. खडूफळा सर, वुडफर्डच्या शेतकऱ्यासाठी वेगळा धागा काढा.

केतकीच्या १८७ वरून शोधलं तर २०१७ लाच केन्सिंग्टन २० मतांनी आणि स्कॉटलंडमध्ये नॉर्थ ईस्ट फाइफ चक्क २ मतांनी गेलंय. मग बालिश प्रश्न, समसमान मतं पडली तर? परत मतदान?

---

टपालपेटी

नाही हो, आधी परत परत मोजतात, आणि तरीही बरोबरीच राहिली तर निवडणूक अधिकारी चिठ्ठी टाकतो. २०१७ च्याच मे महिन्यात नॉर्थम्बरलंड काउन्सिलच्या साउथ ब्लाइद वॉर्डात बरोबरी झाली होती. तिथे तर दोघांना काड्या ओढायला लावल्या. लिबरल डेमोक्रॅटची लांब निघाली आणि हुजूर पक्षाचं काउन्सिलमधलं बहुमत एका जागेनं हुकलं.

---

कट्टेकरी

काडीनं सत्ता गेली. आणि मी फुटबॉल म्हणालो तर पुरावा मागतात!